धार्मिक असण्याचा माणसाला आणि गावाला काय उपयोग होतो? (वीणेच्या पहाऱ्यावरून सुचलेला धागा)

नीरेकाठचा

नमस्कार मंडळी. देव आहे की नाही यावर इथे भरपूर धागे झालेत, तो वाद या धाग्यावर नको. मला बोलायचंय ते धर्म पाळणाऱ्या माणसाला आणि त्याच्या आजूबाजूच्यांना त्यातून काय मिळतं याबद्दल. मी जे सांगणार ते वारकरी संप्रदायातलं, कारण जवळून पाहिलंय ते तेवढंच. इतरांनी आपापलं सांगावं.

आमच्या गावात (फलटण तालुका) दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. हे सगळ्यांना दिसतं. पण सप्ताहाचा कणा असतो तो वीणेचा पहारा. सप्ताह बसल्यापासून काला होईपर्यंत वीणा खाली ठेवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात घेऊन, नाम घेत उभं राहायचंच. देवळाच्या भिंतीवर पहाऱ्याचा तक्ता लागतो आणि कुणी किती ते किती उभं राहायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. दिवसाचे पहारे भराभर भरतात. खरी अडचण रात्री एक ते चारची.

पहारा बदलताना येणारा वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणेकरी त्याच्या पाया पडतो, आणि वीणा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वेळीसुद्धा नाम तुटू द्यायचं नाही. पुढचा आला नाही तर आधीच्याला हलता येत नाही. मग तो म्हातारा असो, त्याचे पाय भरून आलेले असोत.

आमच्या भावकीतले एक चुलते दारूत पार बुडाले होते. जमिनीचा तुकडा गेला, बायको माहेरी गेली. समजावून सांगणारे पुष्कळ होते, उपयोग शून्य. एका वर्षी भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने त्यांना न विचारता तक्त्यावर त्यांचं नाव टाकलं, रात्री दोन ते तीन. त्यांच्या आधीचा पहारा स्वतःचा लावून घेतला. पिऊन वीणेला हात लावायचा नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चुलत्यांना एवढंच कळलं होतं की आपण गेलो नाही तर म्हातारा पहाटेपर्यंत तिथेच उभा राहणार. ते गेले. सप्ताहभर रोज गेले.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे घसरले, पुन्हा उभे राहिले. नंतर पंढरपुरात माळ घातली. माळ घातली की दारू नाही, मांसाहार नाही, एकादशी धरायची, पंढरीची वारी चुकवायची नाही आणि रोज हरिपाठ. यातलं दारू सोडणं सर्वांत अवघड, आणि तिथेच माळेचा मोठा उपयोग होतो. ती गळ्यात दिसते. लग्नकार्यात, यात्रेत कुणी ग्लास पुढे केला तर शेजारचाच म्हणतो, "अरं त्यांना नको, माळकरी हायेत ते." प्रत्येक वेळी स्वतः नाही म्हणायचं आणि त्याचं कारण देत बसायचं, हे ओझं उतरतं. ते आजही काकड्याला सगळ्यांच्या आधी येतात.

माझं म्हणणं असं : धार्मिक माणसाला फायदा होतो तो दोन गोष्टींनी. एक नेम, म्हणजे मनात येवो न येवो, ठरल्या वेळी जे करायचंच ते. आणि दुसरी, आपण आलो नाही तर ज्यांचं अडेल अशी माणसं. श्रद्धा त्या दोघांना धरून ठेवते. नुसत्या नेमाचा जाच होतो आणि नुसत्या माणसांची पांगापांग होते.

गावाचा फायदाही याच तक्त्यात आहे. बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं आमच्याकडे एकमेकांशी बोलत नव्हती. त्यांचे पहारे लागोपाठ आले. दावा काही मिटला नाही, पण पाया पडणं टळलं नाही. पुढच्या वर्षी एकाच्या घरी मयत झाली तेव्हा दुसरा खांदा द्यायला आला.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतही लिहा, पण मनापासून.

अबोली

छान धागा. पहाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला. बायकांच्या बाजूने बरंच लिहायचंय, रात्री निवांत लिहिते.

आकडेवाला

तुमच्या 'नेम आणि माणसं' या म्हणण्याला अभ्यासांचा आधार आहे, म्हणून लिहितो.

अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक फार मोठा, दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्यातल्या सुमारे ७४,५०० स्त्रियांची १९९६ ते २०१२ या काळातली माहिती घेऊन हार्वर्डच्या टायलर व्हँडरवील आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होतं. आधीचं आरोग्य, उत्पन्न, सवयी वगैरे हिशेबात धरूनही. का कमी, याचा शोध घेतला तेव्हा माणसांचा आधार, धूम्रपान कमी असणं, नैराश्य कमी असणं, आशावाद अशी कारणं पुढे आली. पण त्या सगळ्यांनी मिळूनही पूर्ण उलगडा झाला नाही.

दुसरा अभ्यास २०१० चा, चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा. धार्मिक लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात हे आधीपासून दिसत होतं. यांनी विचारलं, कशामुळे? घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेमुळे किंवा विश्वासाच्या तीव्रतेमुळे फरक पडताना दिसला नाही. फरक पडला तो उपासनेच्या जागी जोडलेल्या मित्रांमुळे. मात्र त्या मित्रांशी नातं धर्माच्या धाग्याने जोडलेलं असावं लागतं. नुसते खूप मित्र असून तोच परिणाम मिळत नाही.

एक सावधगिरी. हे अभ्यास अमेरिकेतले, बहुतेक ख्रिस्ती लोकांवरचे. ते जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. आणि मुळात निरोगी, हिंडतीफिरती माणसंच उपासनेला जाऊ शकतात, हाही प्रश्न उरतोच. संशोधकांनी तो टाळायचा प्रयत्न केलाय, पण तो शंभर टक्के टळत नाही.

विवेकवादी

मी नास्तिक आहे. नीरेकाठचा यांनी कळकळीने लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहितो.

तुमचे चुलते वाचले याचा आनंद आहे. पण त्यांना वाचवलं त्या म्हाताऱ्याने. त्यासाठी विठ्ठल लागतोच का? साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे, पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. कितीतरी लोक तिथे गट, समुपदेशन आणि औषधोपचार यांच्या जोरावर दारूतून बाहेर आले. माणसांची ऊब माणसांकडूनच येते, तिला देवाचं नाव द्यायची गरज मला वाटत नाही.

आणि आकडेवाला यांनी आणखी एक अभ्यास सांगायला हवा होता. डीनर, टे आणि मायर्स यांनी २०११ मध्ये दीडशेहून जास्त देशांतली माहिती तपासली. जिथे भूक, असुरक्षितता, कमी आयुर्मान आहे तिथे धार्मिक लोक जास्त सुखी आढळले. जिथे समाज सुस्थितीत आहे तिथे धार्मिक आणि अधार्मिक यांच्या सुखात फारसा फरक नाही. म्हणजे धर्म जे देतो ते चांगला दवाखाना, पेन्शन आणि सुरक्षित रस्ता यांतूनही बऱ्याच अंशी मिळतं. मग आपली धडपड त्यासाठी असायला नको का?

वॉर्ड_नंबर_सात

मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. कर्करोगाचे रुग्ण रोज पाहते.

बाहेरगावाहून आलेल्या माणसाची पहिली अडचण आजारापेक्षा वेगळी असते. राहायचं कुठे? मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या आणि कीर्तनातून 'दगडात देव शोधू नका' असं बजावणाऱ्या त्या माणसाने ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांनी पैसे दिले ते कीर्तन ऐकून. विवेकवादी, तुमचं पेन्शन आणि दवाखान्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण दवाखाना आला तरी दवाखान्याबाहेरच्या फूटपाथचा प्रश्न कुणीतरी सोडवावा लागतो, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा धर्मादाय भावनेनेच सुटलाय.

वॉर्डातलं सांगते. ज्याच्या मागे मंडळ आहे, मग ते भजनी मंडळ असो, जमात असो की गुरुद्वाऱ्याची संगत, त्याच्या खाटेजवळ माणूस असतो. डबा येतो, रक्त द्यायला पोरं येतात, रात्रीच्या पाळ्या लागतात. केमोच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर भले भले नातेवाईक थकतात, तेव्हा हा फरक ठळक दिसतो. रुग्ण स्वतःही वेगळे वागतात. एक आजी सलाईन चालू असताना हरिपाठ म्हणायच्या. वेदना कमी होत होत्या असं मी म्हणणार नाही, पण घड्याळाकडे बघणं कमी व्हायचं.

आता दुसरी बाजू. कुणा बुवाच्या सांगण्यावरून उपचार सोडून गेलेले आणि गाठ फुटल्यावर परत आलेले रुग्णही मीच पाहिलेत. तेव्हा फार राग येतो. म्हणून घरात कुणी श्रद्धाळू असेल तर माझं एकच सांगणं असतं, नाम घ्या आणि गोळीही घ्या. जो बुवा गोळी बंद करायला सांगतो त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

वसईकर

आमच्या पॅरिशचं थोडक्यात लिहितो. वसईतल्या ख्रिस्ती गावांत मयत झालं की चर्चची घंटा वाजते आणि कुणी न बोलावता माणसं जमतात. खड्डा, फुलं, दुरून आलेल्यांचं जेवण, सगळं वाटून घेतलं जातं. त्या घराने फक्त रडायचं. याशिवाय बऱ्याच चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा गट असतो. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. गटातली माणसं ठरावीक गरजू घरांना नेमाने भेट देतात. किराणा, फी, औषध बघतात, आणि कुणाला किती दिलं याची वाच्यता करत नाहीत. माझ्या वडिलांनी हे काम केलं, पण कोणत्या घरांत जायचे ते आईलाही सांगितलं नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचं आंदोलन केलं ते आठवतंय ना? पाणी, वाड्या, शेती वाचवायला लोक रस्त्यावर आले. रविवारच्या मिस्सेला एकत्र येणारी माणसं होती म्हणून त्यांना गोळा करायला वेळ लागला नाही, असं माझं मत. अर्थात त्या लढ्यात सगळ्या धर्मांचे लोक होते.

दीक्षाभूमीजवळची

मी नागपूरची, बौद्ध. मला सगळं वाचून आनंदही होतोय आणि थोडी रुखरुखही वाटतेय.

ज्या पंढरीच्या समतेबद्दल आपण बोलतो, तिथे चोखोबांची समाधी पायरीशी आहे. मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे संतांनी सांगून साडेसहाशे वर्षं झाली तरी दार बंदच होतं. धर्म माणसं जोडतो तेव्हा कुणाला बाहेर ठेवून जोडतो, हे विचारायलाच हवं.

आता माझ्या घरचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी बाबासाहेबांसमोरच्या त्या गर्दीत होती. आजी निरक्षर. पण बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा ती आजोबांना रोज ऐकवायची. तिला धम्मातून काय मिळालं असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मान ताठ झाली." कुणाच्या घरी भांडं वेगळं ठेवलं तर ती पाणी न पिता उठून यायची. पोरींना शाळेतून काढायचं नाही, हाही तिच्या लेखी धर्मच होता. आमच्या विहारात वर्षावासात (पावसाळ्यातले तीन महिने) संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं, रविवारी मुलांचे वर्ग असतात. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींनी पहिलं भाषण तिथेच केलं.

म्हणून विवेकवादी यांना सांगते. देव नसलेल्या धर्मातही नेम, संघ आणि शील लागतंच. बाबासाहेबांना नुसता कायदा पुरेसा वाटला असता, तर राज्यघटना झाल्यावर त्यांनी दीक्षाभूमीवर लाखो लोक जमवले नसते.

विवेकवादी

ताई, शेवटचं वाक्य विचार करायला लावणारं आहे. देव बाजूला ठेवून नैतिक शिस्तीची गरज तुम्ही मांडताय, ते मला मान्य होण्यासारखं आहे. पण मूळ प्रश्न राहतो. नेमाबरोबर धर्म भीतीही देतो. पाप लागेल, कोप होईल, विटाळ होईल. नफा सांगताना तोटाही त्याच वहीत मांडायला हवा.

अबोली

विटाळाचा विषय निघालाच आहे तर लिहिते.

माझं सासर मोठं, जुन्या वळणाचं. पाळीत देवघरात जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, सगळं होतं. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या मुलीला मी त्यातलं काहीही शिकवलेलं नाही.

पण त्याच घरात मला श्वास घ्यायला जागा मिळाली ती भजनी मंडळात. नव्या सुनेने एकटीने बाहेर पडायचं म्हटलं की घरात सतरा प्रश्न. कुठे, कशाला, कुणाबरोबर. गुरुवारी दुपारी भजनाला जाते म्हटलं की सासूबाई स्वतः म्हणायच्या, "जा, उशीर होईल." तिथे पंधरा-वीस बायका. भजन तासभर आणि नंतर बोलणं. कुणाचा नवरा मारतो, कुणाला मूल होत नाही, कुणाच्या गळ्यातलं गहाण पडलंय, ते तिथे कळायचं. एकीला नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा मंडळातल्या पाचजणी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. त्यांच्यातली पुढे होऊन बोलणारी बाई देवळाबाहेर कधी तोंड उघडायची नाही. अभंगाला चाल लावायची सवय झाली आणि तिचा आवाज मोकळा झाला, असं आम्ही सगळ्या मानतो.

वारीत तर हे आणखी मोठ्या प्रमाणात होतं. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला रस्त्यात कुणी नावाने हाक मारत नाही, तिची जात विचारत नाही. ती माउली असते. आयुष्यभर कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणून खपलेल्या बाईला घर सोडून मुक्कामागून मुक्काम चालत जायची परवानगी, परवानगी कसली, मान मिळतो. त्या चालताना ज्या ओव्या म्हणतात त्यात विठ्ठल कमी आणि आपलं दुःख जास्त असतं. विठ्ठलाला ते चालतं.

आणि बदल होतो, हेही बघा. पंढरपूरच्या देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये संपवले, त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले, बायकांकडूनसुद्धा. उशिरा झालं, फार उशिरा झालं. पण ते मागणाऱ्यांत कोर्टकचेरी करणारे होते तसे माळकरीही होते.

नीरेकाठचा

अबोलीताई, दीक्षाभूमीजवळची ताई, दोघींचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवले.

विवेकवादी, तुमच्या वहीतला तोटा मला मान्य आहे. सप्ताहाची वर्गणी न देणाऱ्याला टोमणे मारणारी माणसं आमच्याकडेही आहेत. कीर्तनकारांची बिदागी आणि मंडपाचा खर्च वाढत चाललाय, त्यासाठी कर्ज काढणारं गावही मी पाहिलंय. हे चुकतंय. सप्ताहाला लागतं काय? वीणा, टाळ, पखवाज, ग्रंथ आणि घराघरांतून आलेल्या भाकरी. बाकीचं बंद करायला आम्ही तरुण मंडळी भांडतोय, थोडं यशही आलंय.

पण 'माणसांची ऊब माणसांकडूनच येते, मग देव कशाला' याचं उत्तर मी वारीतल्या समाजआरतीवरून देतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर.

माउलींच्या पालखीसोबत रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे कितीतरी जास्त. संध्याकाळी पालखी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप (हातातली काठी) वर करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ वाजवत राहायचं. पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, कुणी क्रम मोडला, काहीही असो. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, ऐकून घेतात, निवाडा देतात, तेव्हा तिचे टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती.

तिथे वर्दी नाही, पगार नाही, दंड नाही. तरी एवढा समाज एका काठीच्या खुणेवर गप्प होतो आणि एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकून घेतो. ही शिस्त चोपदारांच्या धाकाने येत नाही. पालखीत पादुका आहेत, आपण त्यांच्यासमोर उभे आहोत, या भावनेने येते. आता देव नसलेला गट बघा. ट्रेकिंगच्या गटावर माझं प्रेम आहे, मी जातोही. पण गटप्रमुखाशी पटेनासं झालं की तो गट फुटतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, तिचे मानकरी आपसात अनेकदा भांडले असतील, पालख्या वेगळ्याही झाल्या. चालणं मात्र बंद पडलं नाही, कारण सगळे ज्याच्याकडे चाललेत तो भांडणाच्या बाहेर आहे. तुमचं 'मुक्तांगण' मोठंच आहे, पण गावोगाव, पिढ्यान् पिढ्या, बिनपैशाने चालणारं दुसरं काही मला तरी दिसत नाही.

विवेकवादी

समाजआरतीतला तक्रारीचा भाग मला माहीत नव्हता. हे फार सुंदर आहे. देवाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण पुढच्या आषाढात एखादा टप्पा तुमच्याबरोबर चालायला आवडेल. नास्तिक चालतो का दिंडीत?

नीरेकाठचा

चालतो की. टाळ धरा नि पावली शिका, बाकी कुणी काही विचारणार नाही. फक्त त्या दिवसांत दारू-मांसाहार नको.

पावसाळी_सकाळ

पहिल्यांदाच लिहितेय. बाबा गेल्यापासून आई पुण्यात आमच्याकडे असते. गावी ती रोज हरिपाठाला जायची. इथे सोसायटीत कुणी ओळखीचं नाही. दिवसभर टीव्ही, आणि आताशा जेवणही कमी झालंय. वय ६८, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, चालायला ठणठणीत. तिला वारीला जायचंय म्हणते. एकदम पाठवावं का? कुठून सुरुवात करू?

वॉर्ड_नंबर_सात

आधी त्यांना डॉक्टरांना दाखवा. जेवण कमी, कशात मन नाही, हे नैराश्यही असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. भजन त्याच्या जोडीला.

नीरेकाठचा

ताई, एकदम पंढरपूरपर्यंत नको. आधी घराजवळचं विठ्ठलाचं किंवा मारुतीचं देऊळ गाठा आणि हरिपाठ कधी असतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी असतो, निदान एकादशीला तरी नक्की. पहिले काही दिवस तुम्ही सोबत जा. आईंना हरिपाठ पाठ असेल तर आठवडाभरात बायका त्यांना नावानिशी ओळखायला लागतील.

वारीचं म्हणाल तर माउलींचं प्रस्थान आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं. पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. यंदा आळंदी ते पुणे एवढंच चालू द्या. पुढचा पुणे ते सासवड टप्पा दिवे घाटाचा आणि फार लांबचा आहे, तो पहिल्याच वर्षी नको. पूर्ण वारी करायची झाली तर ओळखीची दिंडी बघा आणि दिंडीप्रमुखांना आधी भेटा. भिशी (दिंडीतल्या जेवणखाण्याची वर्गणी) किती, सामानाचा ट्रक कुठे असतो, बायकांची राहुटी वेगळी आहे का, शौचालयाची सोय काय, हे सगळं न लाजता विचारा. नवी चप्पल घालून निघू नका. गोळ्यांची चिठ्ठी आईंच्या पिशवीत एक आणि दिंडीतल्या कुणाकडे एक ठेवा.

अबोली

पावसाळी, कोणता भाग ते मला विपूत (विचारपुशीत) कळव. पुण्यात आमच्या मंडळातल्या दोघीतिघी राहायला आल्यात, जवळ असतील तर त्याच घरी येऊन आईंना घेऊन जातील.

पावसाळी_सकाळ

विपू केली आहे, अबोलीताई. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली.